डोंगरापलीकडे इंटरनेट नेताना : बिनतारी दुव्याचा धडा



२०२३-२४ च्या गळीत हंगामात डोंगरापलीकडच्या गट कार्यालयाची लाइन बावीस दिवस बंद होती, हे त्या बाजूच्या सभासदांना आम्ही सांगायला नको. घाटात रस्ता रुंद करण्याचे काम चालले होते. जेसीबीच्या दातात केबल आली आणि नऊ गावांचा संपर्क तुटला. चिटबॉयच्या हातातली यंत्रे मुकी झाली. नोंद कागदावर, कागद मोटारसायकलवर आणि मोटारसायकल घाट उतरून कारखान्यावर, असा कारभार तीन आठवडे चालला. त्यात दोन वह्यांचा मेळ बसला नाही, लागणीच्या तारखा मागेपुढे झाल्या. कुणाच्या आडसालीला तुरे आले तरी टोळी आली नाही आणि शेजारच्याचा नंतरचा ऊस आधी गेला. वजन किती घटले याचा हिशेब ज्याचा त्याने केलाच असेल.

त्याच नऊ गावांत आपल्या दोन सभासदांची मुले छोटी इंटरनेट सेवा चालवतात. दीडशेच्या आसपास घरे, दोन शाळा आणि एक पतसंस्था एवढे त्यांचे गिऱ्हाईक. त्यांची केबलही तीच तुटली होती. बावीस दिवसांत तीस घरांनी पैसे परत मागितले. धंदा बंद करायची पाळी आली तेव्हा त्यांनी कारखान्याकडे अर्ज केला. कारखाना वसाहतीतल्या पाण्याच्या उंच टाकीवर एक डिश लावू द्या, दुसरी डोंगराच्या माथ्यावर लावू, तिथून पलीकडे गावात उतरू. त्याबदल्यात गट कार्यालयाला लाइन फुकट देऊ.

सर्वसाधारण सभेत या अर्जावर जे प्रश्न निघाले ते रास्तच होते. वाऱ्यावर इंटरनेट अठरा किलोमीटर जाईल काय? पावसाळ्यात टिकेल काय? टाकीखालच्या वस्तीला किरणांचा त्रास होईल काय? आणि हे सारे खरेच स्वस्त आहे, की नुसतेच सांगायला? संचालक मंडळाने विद्युत विभागातल्या दोघांना आणि गट कार्यालयातल्या एकाला याचा अभ्यास करायला सांगितले. आम्ही तिघांनी जे वाचले, मोजले आणि टाकीवर चढून पाहिले ते इथे मांडतो.

हे काम नवे नाही

आपल्या साखर पट्ट्याला तर हे मुळीच नवे नाही. वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली वारणा सहकार, महाराष्ट्र सरकार आणि केंद्राचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प काढला. त्या संगणकांचा खरा उपयोग झाला तो ऊस नोंद, वजन आणि बिलाची माहिती गावात मिळण्यासाठी. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन शाखेने तिथे जाऊन पाहिले, तेव्हा गावातल्या संगणकांवर मुख्यत्वे हेच काम चालते असे त्यांना दिसले. मग काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली आणि तेवढ्याने काम भागले. आम्हाला यात मोठे शहाणपण वाटते. काय पोचवायचे ते आधी ठरवावे, यंत्र मागाहून.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतले. तेनी इथल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने २००६ च्या सुमारास आसपासच्या गावांतली तपासणी केंद्रे बिनतारी दुव्यांनी जोडली. गावातला पेशंट केंद्रात बसतो आणि रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावर त्याच्याशी बोलतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी त्यासाठी घरातल्या वायफायचीच स्वस्त यंत्रे घेतली आणि त्यांची आज्ञावली बदलली. उत्तरेत आयआयटी कानपूरने त्याआधीच गंगेच्या सपाटीवर असे लांबचे दुवे उभारून पाहिले होते. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने ‘ग्राममार्ग’ नावाने काही गावे अशीच जोडली. त्या कामाला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले.

लांबीचा विक्रम मात्र व्हेनेझुएलाचा. तिथल्या एर्मान्नो पिएत्रोसेमोली या प्राध्यापकांनी २००६ साली २७९ किलोमीटरवर आणि २००७ साली ३८२ किलोमीटरवर वायफायचा दुवा बांधला. दुकानात मिळणारा घरगुती राउटर आणि मोठ्या डिश, एवढ्यावर. तीनशे ब्याऐंशी किलोमीटर म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूर, बेळगाव मागे टाकून पुढे जाण्याइतके. आमच्यातल्या एकाने हे वाचून म्हटले, “मग आपलं अठरा म्हणजे काय, बांधावरून हाक मारण्यासारखं.” तसे अगदीच नाही, पण अंतर हा या कामातला मुख्य शत्रू नाही हे खरे. त्या प्राध्यापकांचे एक टोक चार हजार मीटरहून उंच शिखरावर होते. खरी अडचण मधल्या आडोशाची असते.

दिसते तिथेच जाते, पण नुसते दिसून भागत नाही

या यंत्रांच्या लहरी सरळ जातात. डोंगर त्यांना अडवतो, इमारत अडवते आणि हिरवी ओली झाडे तर चांगलीच अडवतात. म्हणून टाकीवर उभे राहिले की डोंगराचा माथा नजरेस पडला पाहिजे. इतके सर्वांना कळते. फसगत होते ती पुढे.

लहर दोरीसारखी बारीक नसते. दोन टोकांमध्ये ती मधोमध फुगते, जणू लांबट काकडी. तांत्रिक पुस्तकांत तिला फ्रेनेलचे क्षेत्र म्हणतात. काकडीचा पोटातला साठ टक्के भाग मोकळा असला तर दुवा नीट चालतो. त्यात झाड किंवा टेकाड घुसले की डोळ्यांना पलीकडचे टोक दिसत असूनही लहर अडखळते. आमचा पट्टा ५.८ गिगाहर्ट्झचा आहे. त्यावर अठरा किलोमीटरच्या दुव्यात मधोमध या काकडीची त्रिज्या सव्वापंधरा मीटर येते. साठ टक्के धरले तर नऊ मीटर, म्हणजे तीस फूट. शिवाय पृथ्वी गोल आहे. अठरा किलोमीटरमध्ये तिचे पोट मधोमध पावणेपाच मीटर वर येते. म्हणजे दोन्ही टोके सपाटीवर असती तर मधल्या सर्वांत उंच झाडाच्याही वर चौदा मीटर, सुमारे सेहेचाळीस फूट, मोकळी हवा हवी. झाड चाळीस फुटांचे धरले तर दोन्हीकडे शहाऐंशी फुटांचे टॉवर आले. आयआयटी कानपूरच्या मंडळींनी हाच धडा लिहून ठेवला आहे. यंत्र स्वस्त झाले, पण टॉवर महागच राहिला. सपाटीवर लांबचा दुवा बांधायला निघाल्यास पैसा लोखंडात जातो.

आपले नशीब असे की आपल्याला डोंगर आहे आणि पाण्याची टाकी आयती उभी आहे. काही सभासदांनी सुचवले की कारखान्याची चिमणी सर्वांत उंच, तीच का नको? आम्हीही आधी तेच म्हणालो. पण हंगामात चिमणीची उष्णता आणि काजळी यंत्राला मानवणार नाही. शिवाय सहा महिने तिथे दुरुस्तीला माणूस चढू शकणार नाही. टाकीला जिना आहे. दुवा उभारताना एक प्रश्न आधी विचारावा, रात्री बिघडले तर वर कोण आणि कसा जाणार?

आता आपल्या वाटेचे प्रत्यक्ष मोजमाप पाहू. टाकीवरची डिश जमिनीपासून चोवीस मीटरवर येते. माथ्यावरची डिश त्याच पातळीपासून एकशेचाळीस मीटरवर. म्हणजे रेषा दर किलोमीटरला साधारण साडेसहा मीटर वर चढत जाते आणि मध्यावर अडचण काहीच नाही. ऊस वाढून बारा फुटांचा झाला तरी त्याचा संबंध येत नाही. अडचण आहे टाकीपासून एक किलोमीटरवर. तिथे ओढ्याच्या काठाने निलगिरीची रांग आहे. आम्ही सावली मोजून तिची उंची काढली, ती पंचवीस मीटर भरली. त्या जागी रेषा तीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर असते. पृथ्वीच्या पोटाचा एक मीटर वजा केला की झाडाच्या शेंड्यावर चार मीटर चाळीस सेंटिमीटर उरतात. काकडीचे साठ टक्के त्या जागी चार मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे आज वीतभर जागा शिल्लक आहे. पुढच्या वर्षी निलगिरी वाढणार आणि दुवा मंदावणार. मग लोक म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो, वाऱ्यावरचे टिकत नाही.

अर्ज करणाऱ्या मुलांनी गुगलच्या नकाशावर रेघ ओढून सारे मोकळे दाखवले होते. नकाशाला डोंगर कळतात, निलगिरी कळत नाहीत. वाट पायी चालून पाहावीच लागते, आणि तीही झाडे पालवलेली असताना. उन्हाळ्यात उभारलेला दुवा श्रावणात बसला, तर दोष पावसाला देऊ नये, पानांना द्यावा.

जमाखर्च

आता हिशेब. हा भाग जरा नेटाने वाचावा. पतपेढीचे पासबुक ज्याला वाचता येते त्याला हाही येईल.

बिनतारी कामात ताकद डेसिबलमध्ये मोजतात. याची सोय अशी की गुणाकार-भागाकार करावा लागत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. तीन डेसिबल जमा म्हणजे ताकद दुप्पट, दहा जमा म्हणजे दहापट. खर्चाचेही तसेच. एक मिलिवॅटला शून्य धरतात. त्यामुळे शिल्लक उणे आकड्यात दिसली तरी घाबरू नये.

जमेची पहिली रक्कम कायद्याने ठरलेली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झचे पट्टे लहरींच्या परवान्यातून मोकळे केले. त्यातल्या ५.७२५ ते ५.८७५ या पट्ट्यात डिशमधून बाहेर पडणारी ताकद, डिशचा जोर धरून, चार वॅटपर्यंत चालते. चार वॅट म्हणजे ३६. आता खर्च. अठरा किलोमीटर मोकळ्या हवेत लहर पसरत जाते, तिचा खर्च १३३. पलीकडची डिश पसरलेली लहर गोळा करते, दोन-अडीच फुटांची चांगली डिश असेल तर ३० जमा. ३६ मधून १३३ गेले, ३० आले, शिल्लक उणे ६७. म्हणजे एका मिलिवॅटचा पन्नास लाखावा हिस्सा. इतकेसे हाती लागते आणि तेवढ्यावर काम चालते, याचे आम्हाला अजूनही नवल वाटते.

ही शिल्लक पुरेशी आहे का हे गोंगाटावर ठरते. यंत्राचा स्वतःचाच गोंगाट आमच्या पट्ट्यात उणे ९२ च्या आसपास असतो. ६७ आणि ९२ यांतले अंतर पंचवीस. चांगल्या वेगाला वीस-बावीस लागतात, मध्यम वेगाला पंधरा. पंचवीसमधले दहा आम्ही ठेव म्हणून बाजूला ठेवतो. कारण पहाटे वारा पडलेला असतो, जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असे थर बसतात, तेव्हा लहर वाकडी होऊन शिल्लक आठ-दहाने खाली जाते. हे आम्ही चाचणीत स्वतः पाहिले. अशा वेळी यंत्र आपोआप वेग कमी करते, पण लाइन तुटत नाही. ठेव नसती तर रोज पहाटे तुटली असती.

अंतर दुप्पट केले तर खर्च सहा डेसिबलने वाढतो, एवढाच. डिश एका मापाने मोठी घेतली की तो भरून निघतो. व्हेनेझुएलाच्या दुव्याचे गुपित हेच.

इथे एक मोह होतो. यंत्रात देश निवडायचा रकाना असतो. तिथे दुसराच देश निवडला की ताकद वाढवता येते. पुष्कळ जण तसे करतात आणि चारचौघांत सांगतातही. ते बेकायदा आहे आणि आमच्या मते मूर्खपणाचेही आहे. पाटाचे दार रात्री गुपचूप उचलणाऱ्याला शेजारी काही दिवस पाहतो, मग तोही उचलतो. शेवटी पाणी कुणालाच पुरत नाही. ताकद वाढवायची तर ऐकणारी डिश मोठी घ्यावी. तिला कायद्याची आडकाठी नाही आणि शेजाऱ्यालाही त्रास नाही.

पाणीपाळी

घरातल्या वायफायची रीत अशी की बोलायच्या आधी ऐकायचे, कुणी बोलत नसेल तर बोलायचे आणि पोचपावती येईपर्यंत थांबायचे. घरात ही पावती क्षणात येते. लहर एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जाते. अठरा किलोमीटरला जायला साठ आणि पावती यायला साठ, असे एकशेवीस मायक्रोसेकंद लागतात. घरगुती यंत्र इतका दम धरत नाही. पावती आली नाही असे समजून तेच ते पुन्हा पाठवत बसते. शिवाय दोन्ही टोके एकाच वेळी बोलायला लागतात, कारण पलीकडचा बोलायला लागला हे कळायलाच उशीर होतो.

बर्कलीच्या मंडळींनी यावर जो उपाय काढला तो आपल्याकडच्या कालव्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पाळी. इतका वेळ तू, इतका वेळ मी. मग ऐकणे नको, भांडण नको. व्हेनेझुएलाच्या २००७ च्या दुव्यावर हीच आज्ञावली घालून दोन्ही बाजूंना सेकंदाला सुमारे तीन मेगाबिटचा वेग मिळाला. आज लांबच्या दुव्यासाठी जी यंत्रे मिळतात त्यांत पाळीची सोय आणि अंतर सांगायचा रकाना बहुधा असतो. विकत घेताना तो आहे ना हे पाहावे आणि उभारताना अंतर भरायला विसरू नये. अंतर न भरता वेगाच्या नावाने ओरडणारे आम्हाला दोघे भेटले.

वेगाविषयी आणखी एक. डब्यावर तीनशे लिहिलेले असेल तर ते हवेतले. हातात शंभर-सव्वाशे पडले तर समाधान मानावे, आणि तेही येणे-जाणे मिळून. माथ्यावर एकाच यंत्राने घेणे आणि पुढे देणे असे दोन्ही केले तर त्याचेही अर्धे होईल. म्हणून माथ्यावर दोन वेगळी यंत्रे हवीत, एक आपल्याकडे तोंड केलेले आणि दुसरे गावाकडे, दोन्हींचे चॅनेल निराळे. गावाकडचा दुवा चारच किलोमीटरचा, त्याला छोटी डिश चालते.

डिश फिरवणे

मे २०२४ मध्ये मुलांनी उसन्या डिश आणून चाचणी घेतली, तेव्हा आम्ही टाकीवर होतो. डिश बांधली, फोनवर बोलत इकडून थोडी, तिकडून थोडी फिरवली. आकडा उणे ८४ वर आला आणि तिथेच थांबला. कितीही हलवली तरी पुढे जाईना. लाइन चालू झाली होती. मुले खूश झाली, आवळा म्हणाली नटबोल्ट.

आमच्याकडे कागद होता. कागदावर उणे ६७ होते. सतरा डेसिबल गेले कुठे? म्हणजे पन्नास हिश्श्यातला एकच हाती येत होता. निलगिरी एवढे खाणार नाहीत. तीन तास उन्हात घालवल्यावर उलगडा झाला. डिशचा मुख्य झोत जेमतेम पाच अंशांचा असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान झोत असतात. आपण त्यातल्या एकावर बसलो की तिथे थोडे डावीकडे गेले तरी आकडा उतरतो, उजवीकडे गेले तरी उतरतो. माणसाला वाटते, शिखर हेच. ते असते बाजूचे टेकाड. आम्ही डिश मुद्दाम लांब फिरवत नेली. आकडा पार पडला, पुन्हा चढला आणि उणे ७० वर आला. उरलेले तीन हे बांधणीतले आणि झाडांचे.

हा किस्सा सांगण्याचे कारण असे की कागदावरचा आकडा आधी काढलेला नसता तर आम्हीही नटबोल्ट आवळून खाली उतरलो असतो. पहिल्या वळवाला लाइन गेली असती आणि सगळ्यांनी मिळून बिनतारीला नावे ठेवली असती. एक टोक स्थिर ठेवून दुसरे फिरवावे. आधी आडवे, मग उभे. दोघांनी एकदम फिरवू नये.

पाऊस, वीज, उंदीर

पावसाची भीती बहुतेक ऐकीव आहे. टीव्हीची छत्री पावसात बंद पडते, पण तिच्या लहरी फार बारीक असतात. आमच्या पट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला तरी काही डेसिबल जातात, ते ठेवीतून निघतात. पाऊस खरा त्रास देतो तो तारेच्या जोडात शिरून. तार खालून वर यंत्रात जावी, तिला आधी खाली एक झोल द्यावा म्हणजे पाणी तिथून ठिबकते. बाहेर वापरायची काळी तारच घ्यावी. घरातली पांढरी तार उन्हाने दोन वर्षांत भाजते. उंदरांसाठी पाइप. आमच्या टाकीखाली उंदीर आहेत.

विजेचे दोन्ही अर्थ इथे जमेस धरायचे. आकाशातल्या विजेसाठी टाकीवर डिशपेक्षा उंच सळई, जाड पट्टीने थेट जमिनीत, मीठ-कोळशाचा खड्डा. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचे, हे ज्याच्या नावावर लिहिलेले नसेल ते कुणीच करत नाही.

आणि तारेतली वीज. बर्कलीच्या मंडळींनी पुढे कबूल केले की त्यांचे दुवे मुख्यत्वे खराब विजेमुळे बंद पडले, लहरींमुळे नव्हे. दाब चढला, उतरला, यंत्र जळाले, आणि ते बदलणारा माणूस शंभर मैलांवर. आपल्या माथ्यावर तर लाइटच नाही. सगळे सौरवर. दोन यंत्रे आणि एक स्विच मिळून पंचवीस वॅट धरा. चोवीस तासांचे सहाशे वॅट-तास झाले. बारा व्होल्ट शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत बाराशे असतात. पण साधी बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरवली की ती लवकर मरते, म्हणून एक बॅटरी म्हणजे एक दिवस. आषाढात तीन-तीन दिवस ऊन नसते. तेव्हा तीन बॅटऱ्या आणि हिशेबाने दोनशे वॅटचे पॅनेल येते तिथे चारशेचे. मुलांच्या अर्जात एक बॅटरी आणि दीडशेचे पॅनेल होते. हे आम्ही वाढवायला सांगितले आहे. त्यामुळे खर्च वाढला हे खरे.

किरणांचे काय

वसाहतीतल्या भगिनींनी हा प्रश्न सभेत लावून धरला होता, म्हणून आकडे देतो. डिशचे तोंड डोंगराकडे, वस्तीच्या डोक्यावरून. तरी समजा कुणी झोताच्या अगदी समोर पन्नास फुटांवर उभा राहिला. चार वॅटच्या हिशेबाने तिथे दर चौरस मीटरला वॅटचा सुमारे सातशेवा हिस्सा पडतो. भारताने २०१२ साली टॉवरच्या किरणांची मर्यादा जगातल्या मर्यादेच्या एक दशांश केली. ती या पट्ट्यात चौरस मीटरला एक वॅट आहे. म्हणजे झोतासमोरही आपण मर्यादेच्या सातशेव्या भागात असतो, आणि टाकीखाली तर झोत येतच नाही. दुरुस्तीला चढणाऱ्याने मात्र डिशच्या तोंडासमोर बसून काम करू नये, आधी यंत्र बंद करावे.

खर्च आणि करार

लांबच्या दुव्याची दोन टोकांची यंत्रे डिशसकट एका बऱ्या पाणबुडी मोटारीच्या किमतीत बसतात. माथ्यावरचे सौर सामान आणि कुंपण यांना त्याहून जास्त लागते. टॉवरचा खर्च टाकीमुळे वाचतो, आणि स्वस्त म्हणायचे ते एवढ्याचसाठी. सरकारी फायबर जिथे धड चालते तिथे आम्ही कुणाला हा उद्योग सांगणार नाही. फायबरची बरोबरी हवेतली लहर करत नाही. आमची शिफारस अशी की घाटातली केबल राहू द्यावी, आणि ती तुटेल तेव्हा आपोआप या दुव्यावर काम वळावे. गट कार्यालयाच्या नोंदींना खरे तर फार थोडी जागा लागते. गावात कुणी सिनेमा पाहत असला तरी चिटबॉयची नोंद आधी जावी, एवढी सोय राउटरमध्ये करता येते. तसे करारात लिहून घ्यावे.

लहरींचा परवाना लागत नाही याचा अर्थ धंद्याचा लागत नाही असा नाही. इंटरनेट विकणाऱ्याकडे दूरसंचार खात्याचा परवाना हवा, किंवा परवानाधारकाशी रीतसर करार हवा. मुलांचे कागद विद्युत विभागात आले आहेत. ते संचालक मंडळाने पाहून मगच टाकीची किल्ली द्यावी.

राहता राहिली निलगिरी. ती ज्या सभासदाची आहे त्यांच्याकडे आम्ही दोनदा गेलो. झाडे त्यांनी मुलीच्या लग्नासाठी राखली आहेत आणि आणखी चार वर्षे तोडणार नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. लहर आत्ता आली, झाडे आधीपासून आहेत. शेंडे छाटा असे म्हणायला आमची जीभ रेटली नाही. तेव्हा टाकीच्या कठड्यावर चार मीटरचा पाइप उभा करून डिश त्यावर न्यायची असे ठरवले. रेषा त्या जागी पावणेचार मीटरने वर जाते, म्हणजे झाडांना दोन वर्षे तरी वाढायला जागा मिळते. पाइपला तीन बाजूंनी ताण द्यावा लागेल, नाहीतर वाऱ्याने डिश हलेल. एका अंशाने हलली तरी अठरा किलोमीटरवर झोत तीनशे मीटर सरकतो. दोन वर्षांनी पुन्हा सावली मोजायची. तोवर रांग उभी असेल आणि पाइप आखूड पडत असेल, तर तो वाढवण्याचा खर्च मुलांनी करावा, झाडवाल्यांनी नाही. कराराच्या मसुद्यात हे कलम आम्ही सातवे म्हणून घातले आहे. मसुदा गट कार्यालयात ठेवला आहे, सभासदांनी येऊन वाचावा.